बॉनेटचा दुसरा हुक

इंजिन ऑइल घरच्या घरी कसं तपासावं, ते मागच्या अंकात सांगितलं होतं. त्यावर आलेली बरीचशी पत्रं ऑइलबद्दल नव्हतीच. डिपस्टिक दूरच राहिली, आधी बॉनेटच उघडेना. किंवा उघडलं ते पुन्हा नीट लागेना, असा सूर होता. म्हणून या वेळी फक्त बॉनेटचे प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : नुकतीच पहिली गाडी घेतली. आतला लिव्हर ओढला की ‘टक्’ आवाज होतो, बॉनेट बोटभर वर येतं आणि तिथेच अडकतं. जोर लावायची भीती वाटते. नेमकं काय करायचं? (सातारा)

जोर लावला नाहीत हे उत्तम केलंत. बॉनेटला दोन अडसर असतात. आतला लिव्हर केबल ओढून त्यातला फक्त पहिला, म्हणजे मुख्य लॉक सोडतो. स्प्रिंगच्या रेट्याने बॉनेट थोडं वर येतं आणि दुसऱ्या हुकात अडकून राहतं. हा सेफ्टी हुक. तो समोर उभं राहून हातानेच सोडायचा असतो, आणि ते मुद्दाम तसं ठेवलेलं आहे. चालत्या गाडीत कुणाचा पाय किंवा गुडघा चुकून लिव्हरला लागला, तरी बॉनेट काचेवर येऊ नये म्हणून.

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करून किल्ली काढा. वायपर काचेवर टेकलेले आहेत ना ते बघा; वायपर उभे असताना बॉनेट उघडलं तर बऱ्याच गाड्यांत दोघांची टक्कर होते आणि बॉनेटच्या मागच्या कडेचा रंग उडतो. लिव्हर आपल्याकडे बहुधा ड्रायव्हरच्या उजव्या पायाजवळ, डॅशबोर्डच्या खाली असतो. त्यावर पुढचं झाकण उघडलेल्या गाडीचं चित्र असतं. पेट्रोलपंपाचं चित्र असलेला लिव्हर इंधनाच्या झाकणाचा, तो वेगळा. काही युरोपीय गाड्या मुळात डाव्या स्टिअरिंगसाठी बनलेल्या असतात, त्यांत लिव्हर शेजारच्या सीटच्या बाजूला सापडतो. काही जर्मन गाड्यांत तोच लिव्हर दोनदा ओढला की दोन्ही अडसर सुटतात, मग समोर काही शोधत बसावं लागत नाही.

आता समोर या. पहिल्या वेळी खाली वाकून टॉर्चच्या उजेडात फटीतून बघाच. हुकाची जिभली मधोमध असेल असं नाही. ती बऱ्याचदा चार बोटं डावी-उजवीकडे असते. काही गाड्यांत ती वर उचलायची, काहींत बाजूला सरकवायची. तळहात वर करून बोटं सपाट आत घाला आणि चाचपा. इथेच नवशिके अडतात. ते एका हाताने बॉनेट वर ओढतात आणि दुसऱ्या हाताने जिभली हलवायला बघतात. बॉनेट वर ओढलं की त्याच्या खालची कडी हुकात आणखी घट्ट बसते. उलट करायचं : बॉनेट किंचित खाली दाबा, जिभली हलवा, मग उचला.

उचलल्यावर एका हाताने बॉनेट धरूनच त्याला टेकू देणारी दांडी तिच्या क्लिपमधून सोडवा आणि बॉनेटच्या खालच्या बाजूला तिच्यासाठी जी खाच आहे, तिच्यातच बसवा. शेजारी बाण कोरलेला असतो. आतल्या पत्र्याला वजन कमी करायला पाडलेली बरीच भोकं असतात. दांडी त्यातल्या भलत्याच भोकात अडकवली तर धक्क्याने सुटते. दांडी बसली की बॉनेट किंचित हलवून खात्री करा, आणि मगच डोकं आत घाला. गरम इंजिनाशेजारची दांडी चटका देते. तिच्यावरचं रबराचं किंवा स्पंजचं आवरण त्यासाठीच आहे.

आणखी एक. ओढणी, साडीचा पदर, गळ्यातलं लोंबतं मंगळसूत्र आधी आवरून घ्या. रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो आणि इंजिन बंद केल्यावरही अचानक फिरू लागू शकतो. हातातलं कडं किंवा अंगठी बॅटरीच्या दोन टोकांना एकदम टेकली तर त्वचा भाजते. हायब्रीड गाडीत ‘रेडी’चा दिवा विझल्याशिवाय बॉनेट उघडू नये, तिचं इंजिन स्वतःहून सुरू होतं.

प्रश्न : गॅरेजवाला बॉनेट धाडकन आपटतो. आमचे हे म्हणतात, हाताने दाबूनच लावायचं. बरोबर कोण? (डोंबिवली)

दोघंही अर्धे बरोबर. दांडी असलेलं साधं लोखंडी बॉनेट असेल तर दांडी क्लिपमध्ये परत बसवा, बॉनेट धरून खाली आणा, साधारण २० ते ३० सेंटिमीटर उरले की सोडून द्या. स्वतःच्या वजनाने ते दोन्ही अडसर ओलांडून बसतं. डोक्याच्या उंचीवरून आपटलं की आज काही होत नाही. पण पुढे लॉक सैल होतं, रबरी ठोकळे चेपतात आणि हेडलाइटच्या क्लिपा तुटतात.

हाताने दाबण्यात वेगळा धोका आहे. बॉनेटचा वरचा पत्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. त्याला कंपनीचा कंजूषपणा म्हणू नका. पादचाऱ्याचं डोकं आपटलं तर पत्र्याने दबून धक्का शोषावा, अशी अपेक्षा असते. भारतात त्यासाठी एआयएस-१०० हे मानक आहे. अशा पत्र्यावर मधोमध अंगठा किंवा कोपर रेटलं की पोचा पडलाच. मात्र बॉनेट ॲल्युमिनियमचं असेल, त्याला गॅस शॉकर (दांडीऐवजी बॉनेट तोलून धरणारे, दाबाखालचा गॅस भरलेले दांडे) असतील किंवा इलेक्ट्रिक गाडीची पुढची डिकी असेल, तर ते नुसतं सोडून भागत नाही. शॉकर त्याला अलगद झेलतात आणि ते अर्धवट लागतं. तिथे जवळजवळ टेकवायचं आणि पुढच्या कडेला, लॉकच्या बरोबर वर, दोन्ही तळहात पसरून दाबायचं. तुमच्या गाडीची पद्धत कोणती, ते गाडीसोबतच्या पुस्तिकेत एका ओळीत दिलेलं असतं.

लावून झाल्यावर पुढची कड धरून वर ओढून बघा. जरा जरी हललं तर ते फक्त सेफ्टी हुकावर आहे. अशा वेळी वरून दाबत बसू नका. पुन्हा उघडा आणि पुन्हा सोडा.

दांडी क्लिपमध्ये न बसवता बॉनेट ढकललं तर ती पत्र्याला आतून टोचते आणि वर उंचवटा येतो, किंवा बिजागरीपाशी बॉनेटच वाकतं. दहा सेकंदांच्या घाईचं डेंटिंग-पेंटिंग होतं. लावण्यापूर्वी आत पाना, फडकं, ऑइलचं झाकण राहिलेलं नाही ना, आणि कडेवर लहान मुलाची बोटं नाहीत ना, हेही बघून घ्या.

प्रश्न : महामार्गावर पुढच्या गाडीचं बॉनेट उडून काचेवर आदळताना पाहिलं. असं का होतं? आपल्यावर वेळ आली तर? (नाशिक)

बहुतेक गाड्यांचं बॉनेट मागे, काचेजवळ बिजागरीवर असतं आणि पुढून उघडतं. धावत्या गाडीत वारा पुढच्या फटीतून आत शिरून त्याला वर उचलतो. हा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो : ताशी ४० वरून ८० वर गेलात की चौपट. गावात महिनाभर नुसतं अर्धवट लागलेलं बॉनेट म्हणूनच महामार्गावर पहिल्या अर्ध्या तासात उडतं. जुन्या साब आणि काही बीएमडब्ल्यू गाड्यांत बिजागरी पुढे असायची, तिथे वारा उलट बॉनेट दाबून ठेवायचा.

पुढून उघडणारं आणि उघडल्यावर काच झाकणारं बॉनेट असेल तर दुसरा अडसर हवाच, असं अमेरिकेचं वाहन सुरक्षा मानक क्रमांक ११३ सांगतं. पण हुक नुसता असून चालत नाही, तो स्वतःहून जागेवर परत यायला हवा. निस्सानने आल्टिमाच्या २०१३ ते २०१८ या मॉडेलांच्या अठरा लाखांच्या आसपास गाड्या २०२० मध्ये दुरुस्तीला परत बोलावल्या. कारण हेच : धूळ आणि गंज साचून सेफ्टी हुक उघड्या स्थितीतच अडकून राहू शकत होता. टेस्लाने २०२४ मध्ये अमेरिकेत अठरा लाखांहून जास्त गाड्यांसाठी सॉफ्टवेअर दुरुस्ती काढली. बॉनेट नीट लागलेलं नसलं तरी ते गाडीला कळेलच याची खात्री नव्हती. तेव्हा डॅशबोर्डवर दिवा नाही म्हणजे बॉनेट लागलेलं आहे, असं धरून चालू नका.

वेळ आलीच तर ब्रेकवर उभे राहू नका आणि स्टिअरिंग झटकू नका. मागच्याला तुमचं बॉनेट उडालेलं दिसत नाही, त्याला फक्त तुमचे ब्रेक लाइट दिसतात. स्टिअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटर सोडा, चारही इंडिकेटर लावा. मान खाली घालून बघा : उघड्या बॉनेटच्या मागच्या कडेखाली बिजागरींच्या मधून रस्त्याची पट्टी बऱ्याचदा दिसते. नाही दिसली तर बाजूच्या खिडकीतून रस्त्याची कड बघत हळूहळू डावीकडे घ्या. थांबल्यावर सगळ्यांना रस्त्याकडेला, शक्य तर कठड्यापलीकडे उभं करा. उडालेलं बॉनेट पुन्हा लावून पुढचा प्रवास करू नका. बिजागऱ्या वाकलेल्या असतात. दोरीने बांधलंच तर ते फक्त जवळच्या गॅरेजपर्यंत, तेही सावकाश.

प्रश्न : आमची गाडी समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर उभी असते. बॉनेटचा लिव्हर दिवसेंदिवस जड होत चाललाय. परवा तर ओढला तरी आवाजच आला नाही. केबल तुटली का? (रत्नागिरी)

लिव्हर ओढताना हाताला ताण जाणवतो का, ते आधी बघा. ताण आहे पण लॉक सुटत नाही, म्हणजे केबल शाबूत आहे आणि लॉक गंजाने किंवा मातीने जाम झालंय. लिव्हर सैल, ढिला पडला असेल तर केबल तुटली आहे किंवा टोकाशी निसटली आहे.

पहिल्या प्रकारात दोन माणसं लागतात. एकाने आत बसून लिव्हर ओढून धरायचा. दुसऱ्याने त्याच वेळी लॉकच्या वर दोन्ही तळव्यांनी बॉनेट दाबून सोडायचं, असं चार-पाच वेळा. दाबल्यावर लॉकवरचा ताण उतरतो आणि जाम झालेला खटका सुटतो. एकटे असाल तर लिव्हरवर पाय देऊ नका. तो प्लॅस्टिकचा असतो, केबलच्या आधी तोच मोडतो.

केबल लिव्हरपाशी तुटली असेल तर काम सोपं आहे : लिव्हरमागे आतली तार बाहेर डोकावते, ती पकडीने धरून सरळ ओढा. लॉकजवळ तुटली असेल तर मेकॅनिक पुढच्या जाळीतून किंवा खालून लांब आकडा घालून लॉक सोडतात. घरी जॅकवर गाडी उचलून खाली शिरायचा प्रयोग करू नका. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीच जायचं नसतं.

एकदा उघडलं की खरं काम सुरू होतं. गंज सोडवणारा स्प्रे मारून लॉक आणि हुक दोन्ही हलवा, जुन्या टूथब्रशने घासा, फडक्याने कोरडं पुसा. मग पांढरं लिथियम ग्रीस हरभऱ्याएवढं घेऊन लॉकच्या फिरत्या भागाला, हुकाच्या खिळ्याला आणि बॉनेटच्या कडीला लावा. थोडं बिजागऱ्यांनाही. इंजिन ऑइल नको. त्यावर धूळ बसते आणि दोन महिन्यांत काळा चिखल तयार होतो. नुसता गंजाचा स्प्रे मारून थांबणंही चुकीचं, तो उडून जातो आणि धातू पुन्हा उघडा पडतो. शेवटी सेफ्टी हुकाची जिभली बोटाने दाबून सोडा. ती टणकन जागेवर आली पाहिजे. रेंगाळली तर स्प्रिंग गेली आहे, लॉक बदला. किनाऱ्यावरच्या गाडीला हे वर्षातून दोनदा हवं : पावसाळ्याआधी आणि दिवाळीच्या सुमारास. लॉक स्वतः बदलत असाल तर बोल्ट सैल करण्यापूर्वी जुन्या लॉकभोवती मार्करने रेघ ओढून ठेवा. नवं तिथेच बसलं तर बॉनेट पहिल्या फटक्यात लागतं.

प्रश्न : अपघातानंतर बॉनेट बदललं. आता ते लावायला फार जोर लागतो आणि डाव्या बाजूने वर दिसतं. (सोलापूर)

बॉनेटच्या पुढच्या दोन्ही कोपऱ्यांखाली आट्यांचे रबरी ठोकळे असतात. डावा ठोकळा जास्त वर आलेला असेल तर तो अर्धा-अर्धा फेरा आत फिरवत जा आणि दर वेळी लावून बघा. अगदी खाली नेऊ नका, नाहीतर बॉनेट खड्ड्यात खडखडेल. तरीही जोर लागत असेल तर लॉक खाली बसलंय किंवा बिजागरीच वाकडी आहे. ते ज्याने काम केलं त्यालाच निस्तरायला लावा.

प्रश्न : घाटात बॉनेटखालून वाफा यायला लागल्या तर लगेच उघडून थंड करावं का? (कराड)

नाही. आधी एसी बंद, हीटर पूर्ण गरम आणि पंखा पूर्ण; हीटर इंजिनातली उष्णता आत खेचून घेतो. सुरक्षित जागा दिसताच थांबून इंजिन बंद करा. वाफ येत असेपर्यंत बॉनेटला हात लावू नका. आतला लिव्हर ओढून ते बोटभर वर येऊ द्या, सेफ्टी हुक सोडू नका. त्या फटीतून उष्णता निघून जाते. वाफ पूर्ण थांबली की फडकं हातात घेऊन, चेहरा बाजूला ठेवून उघडा.

रेडिएटरच्या किंवा कूलंटच्या टाकीच्या टोपीला त्यानंतरही किमान अर्धा तास हात नाही. आत वातावरणापेक्षा सुमारे एक बार जास्त दाब असतो आणि त्या दाबाखाली पाणी १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. टोपी सैल केली की दाब जातो, सगळं पाणी एका क्षणात उकळतं आणि कारंजं तोंडावर येतं. रेडिएटरची वरची जाड रबरी नळी (होज) फडक्याने दाबून बघा. ती टणक असेल तर आत अजून दाब आहे. तापलेल्या इंजिनावर बाटलीतलं गार पाणी ओतू नका, इंजिनाचं हेड (वरचा भाग) तडकतं.

वाफ पांढरी असते आणि तिला कूलंटचा गोडसर वास येतो. काळा धूर, जळक्या रबराचा वास किंवा ज्वाळा असतील तर गोष्ट वेगळी. बॉनेट उघडलं की आगीला भरपूर हवा मिळते आणि भडका थेट उघडणाऱ्याच्या अंगावर येतो. सगळ्यांना उतरवा, निदान तीस मीटर लांब न्या, १०१ किंवा ११२ ला फोन करा. सीएनजी गाडी असेल तर तिच्याकडे परत फिरूच नका. आग अगदी बारीक असेल आणि आग विझवायचं पावडरचं सिलिंडर हाताशी असेल, तर सेफ्टी हुक न सोडता बोटभर फटीतूनच फवारा मारावा.

घाटात थांबलात तर आणखी एक बघा : शेजारून मोठा ट्रक गेला की त्याच्या वाऱ्याने उघडं बॉनेट दांडीवरून उचललं जातं. रहदारीच्या बाजूला उभे राहू नका, आणि बॉनेटखाली असताना कुणाला तरी ते धरायला सांगा.

प्रश्न : आमच्या एसयूव्हीचं बॉनेट पुण्यात उघडं राहतं, महाबळेश्वरला सकाळी डोक्यावर येतं. (पुणे)

गॅस शॉकर संपत आलेत. त्यांत दाबाखालचा नायट्रोजन असतो. हवा वीस अंशांनी थंड झाली की जोर सहा-सात टक्क्यांनी घटतो. नव्या शॉकरला हे जाणवत नाही, काठावरच्याला पुरतं. दोन्ही एकदम बदला, एकच बदलला तर बॉनेट पिळवटतं. बसवताना बॉनेट मिटल्यावर बारीक दांडा खाली राहील असं बसवा, म्हणजे आतलं तेल सीलवर राहतं. बदलेपर्यंत मजबूत लाकडी टेकू द्या. जुना शॉकर भोक पाडून किंवा तापवून मोकळा करायचा प्रयत्न मात्र करू नका.

प्रश्न : उंदीर वायरी कुरतडतात म्हणून शेजारी रात्रभर बॉनेट उघडं ठेवतात. चालेल? (अकोला)

उंदराला अंधार आणि ऊब हवी असते, त्यामुळे युक्ती अगदीच खुळी नाही. पण बॉनेटखाली दिवा असेल तर बॅटरी उतरते, अवकाळी पाऊस आला तर फ्यूज बॉक्स भिजतो, आणि बॅटरी चोरणाऱ्याची सोय होते. त्यापेक्षा गाडीखालचं खरकटं हटवा आणि आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून सुकी पानं, चिंध्या काढा. थंडीत आणि पावसाळ्यात गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर दोन थापा मारा. आत मांजर झोपलेलं असतं.

प्रश्न : इथे हिवाळ्यात हूड (म्हणजे बॉनेट) गोठून बसतं. उकळतं पाणी ओतू का? (टोरांटो)

नको, काच किंवा रंग तडकेल आणि तेच पाणी लॉकमध्ये पुन्हा गोठेल. आधी वरचा बर्फ झाडा, नाहीतर त्याचं वजन दांडीवर येतं. पुढच्या कडेला तळव्यांनी ठिकठिकाणी दाबा, बर्फाची पापडी फुटते. मग जाळीतून लॉकवर डी-आयसर (बर्फ वितळवणारा स्प्रे) फवारून पाच मिनिटांनी लिव्हर ओढा. उघडल्यावर लॉक कोरडं करून ग्रीस लावा. ओलावाच राहिला नाही तर गोठायला काही उरत नाही.

प्रश्न : सेकंडहँड नॅनो घेतली. पेट्रोल भरायला दर वेळी बॉनेट उघडावं लागतं. काही वेगळी काळजी? (जालना)

नॅनोत इंजिन मागे, आणि पेट्रोलचं तोंड पुढच्या झाकणाखाली. त्यामुळे इतरांचं बॉनेट महिन्यातून एकदा उघडत असेल, तर तुमचं आठवड्याला. लॉक त्याच प्रमाणात झिजतं, म्हणून ग्रीस दर तीन महिन्यांनी लावा. पंपावरचा माणूस घाईत नुसतं टेकवतो. पैसे देऊन झाले की निघण्याआधी खाली उतरून कड स्वतः ओढून बघा.